सरांच्या लॉगिनवर

विद्यापीठाच्या ऑफिसात तिला तासबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की तासबाई. ती भूगोल शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितका वेळ तुम्ही विद्यापीठाचे, तास संपला की तुम्ही कोण आणि विद्यापीठ कोण. बसायला खुर्ची नाही, कपाटाला किल्ली नाही, ओळखपत्र दरवर्षी नवं. अशी नऊ वर्षं काढून ती दहाव्यात आली होती, आणि सगळा जीव या दहाव्यात अडकला होता. सलग दहा वर्षं, मध्ये एकही खंड न पडता, ज्याने तास घेतले त्याला कायम करायचं, असा नियम होता. कायम होण्याची वयाची अट पंचेचाळीस. तिला एक्केचाळिसावं चालू होतं. यंदा खंड पडला तर पुन्हा एकपासून मोजणी, आणि पुन्हा दहा भरेपर्यंत वय कधीच हातातून गेलेलं. दात घासतानासुद्धा ती हे विसरत नसे.

आणि नेमकं त्याच वर्षी, तास सुरू व्हायच्या आधीच, विद्यापीठाचं छत पडलं. पहिल्या मजल्यावरच्या परीक्षा हॉलचं, रविवारी दुपारी, कुणी नसताना. सोमवारी इंजिनियर आले, त्यांनी खांबांवर हातोडीने ठकठक केलं, माना हलवल्या आणि दारावर लाल कागद चिकटवून गेले. चौथ्या दिवशी परिपत्रक निघालं की दुसरी जागा मिळेपर्यंत सर्व वर्ग ऑनलाइन घ्यावेत. सोबत अकरा पानी सूचना होत्या. शिक्षकाने मागे साधी भिंत ठेवावी, प्रसन्न दिसावं, घरातले आवाज येऊ देऊ नयेत. ज्याने कुणी त्या लिहिल्या होत्या त्याच्या घरात बहुतेक माणसंच राहत नसावीत.

तिच्या घरात दोन खोल्या होत्या आणि तीन माणसं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायचा, तो सकाळी नऊलाच जायचा. सासूबाई दिवसभर खिडकीजवळच्या खाटेवर. आयुष्यभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. आता गुडघे गेले होते, पण डोळे आणि जीभ शाबूत होती. वर्ग भरणार तो त्यांच्याच खोलीत, कारण स्वयंपाकघरात नेटवर्क येत नव्हतं.

भूगोल नुसता बोलून शिकवता येत नाही, नकाशा दाखवावा लागतो. म्हणून तिने टेबलावर स्टूल उलटं ठेवलं, त्याच्या दोन पायांना आडवी फूटपट्टी बांधली, आणि फूटपट्टीवर जुन्या नाडीने मोबाइल असा बांधला की तो खाली कागदाकडे बघेल. पडद्यावर मुलांना तिचा चेहरा दिसणार नव्हता. दिसणार होते कागद, पेन्सिल आणि तिचे दोन हात. दोन दिवस खपून तिने हे उभं केलं. सासूबाईंनी खाटेवरून सगळं पाहिलं आणि गाठ चुकीची मारलीयस, तासाच्या मध्यात सुटेल, असं सांगून स्वतः उठून पुन्हा मारून दिली.

पहिला तास समोच्च रेषांचा होता. एकाच उंचीवरच्या जागा जोडत गेलं की डोंगर कागदावर कसा उतरतो, हे ती वर्षानुवर्षं रंगून सांगत आली होती. त्या दिवशीही रंगली. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सौम्य, असं म्हणत ती डोंगराच्या माथ्यावर पोचली, एक-दोन शंका विचारा म्हणाली, कुणी विचारली नाही म्हणून स्वतःच पुन्हा समजावलं. पाच-सहा मिनिटं झाल्यावर खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते सगळे मघाशीच गेलेत. पाटी कोरी आहे तिथं."

खरंच कोरी होती. फुकटचं खातं चाळीस मिनिटांनी बंद पडत होतं. पुन्हा लिंक पाठवली तर साठातले बावीस परत आले, बाकीच्यांनी तेवढ्यात सुट्टी जाहीर करून टाकली होती. आणि सूचनांच्या नवव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की सलग पन्नास मिनिटांपेक्षा कमी चाललेला तास धरला जाणार नाही.

ती आस्थापना विभागात गेली. तो विभाग आता सायकलींच्या शेडमध्ये हलवला होता. तिथल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं की विद्यापीठाने पूर्ण वेळ चालणारी खाती विकत घेतली आहेत, पण फक्त कायम शिक्षकांसाठी. मग आमच्यासारख्यांनी पन्नास मिनिटं कशी भरायची, असं तिने विचारलं. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, ॲडजस्ट करा. नऊ वर्षांत विद्यापीठाने तिला दिलेला हा सगळ्यात जुना सल्ला होता.

ॲडजस्ट केलं ते सरांनी.

सर म्हणजे विभागप्रमुख. ती विद्यार्थिनी असताना त्यांनीच तिला शिकवलं होतं, तिचा प्रबंध त्यांच्याच हाताखाली झाला होता, आणि तासिकेवर पहिल्यांदा तिला त्यांनीच घेतलं होतं. ते तिला अगं-तूगं करायचे आणि तिला ते आवडायचं. या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी म्हणून अर्ज केला होता. त्यांचं लॅपटॉपशी वाकडं होतं. खातं उघडून द्यायला ती त्यांच्या घरी गेली तेव्हा ते पडद्यासमोर बसून नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसे ओरडून बोलत होते, आणि कॅमेऱ्यात फक्त त्यांचं कपाळ येत होतं. तिने लॅपटॉपखाली जाडजूड प्रबंध रचले, पासवर्ड त्यांच्या डायरीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला, कुठं दाबायचं ते तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा सरांनी माउस तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, हे तूच कर बाई, माझ्याच्यानं व्हायचं नाही.

मग चहा पिताना तिने चाळीस मिनिटांची रड सांगितली. सरांनी क्षणाचाही विचार केला नाही. "त्यात काय, माझ्या लॉगिनवरून घे तुझे तास. नावाचं काय, विभाग एकच आहे ना आपला," ते म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे ते पाणी आठवलं की तिला स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटायची, पण तेव्हा खरोखर आलं होतं. एवढा मोठा माणूस आपला पासवर्ड देतो म्हणजे घराची किल्लीच देतो, असं तिला वाटलं. किल्ली तिनेच तयार करून त्यांच्या डायरीत लिहिली होती, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर वर सरांचं नाव, पदवीसकट, आणि खाली तिचे दोन हात. मुलं बिचारी गोंधळली. कुणी लिहिलं, सर, आवाज येतोय. कुणी विचारलं, सर, तुमचा घसा बसलाय का. तिने हसून सांगितलं की मी सर नाही, मॅडम आहे. आठवडाभर मुलांनी लक्षात ठेवलं आणि मग सवयीने पुन्हा सर सुरू झालं, कारण समोर जे लिहिलेलं दिसतं तेच माणूस म्हणतो. तीही मग दुरुस्त करेनाशी झाली. पन्नास मिनिटांतलं एक मिनिट त्यात कशाला घालवायचं.

एका खात्यावर एका वेळी एकच वर्ग चालायचा. म्हणून सरांचे तास सकाळी आणि तिचे दुपारी, असं वेळापत्रक तिनेच बसवलं. सकाळी सरांच्या घरी जाऊन त्यांचा वर्ग लावून द्यायचा, ते पिवळ्या पडलेल्या टिपणांतून वाचून दाखवतील तोवर शेजारी बसायचं, मग धावत घरी येऊन स्टुलाच्या पायांमध्ये हात घालायचे. पुढे एकदा सरांना दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, तेवढा तास तू घे म्हणाले. मग दाढ काढली म्हणून आठवडाभर बोलता येईना. मग भाचीच्या घरचं काहीतरी निघालं. तिसऱ्या महिन्यात कारण सांगायचंही राहून गेलं. सकाळही तिची, दुपारही तिची. घसा कोरडा पडायचा, गरम पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवून ती दिवसाला चार-चार तास बोलायची. पण मुलं टिकली होती. साठातली पंचावन्न तरी शेवटपर्यंत असायची. एका मुलीने तर स्वतःच्या गल्लीचा नकाशा काढून पाठवला होता, उतारासकट. त्या दिवशी तिला वाटलं, तोंड दिसत नाही तर नाही, पण पोचतंय.

नवऱ्याने एकदा विचारलं की निदान नाव तरी बदलता येतं का तिथं. येत होतं. तिने सरांचं नाव खोडून स्वतःचं टाकलं, आणि त्या दुपारी पडद्यावर स्वतःचं नाव पाहून उगाचच सावरून बसली. त्याच संध्याकाळी सरांची इतर विभागप्रमुखांबरोबर बैठक होती. ती त्यांनी शेजाऱ्याकडून कशीबशी लावून घेतली आणि सगळ्या विभागप्रमुखांना सर दिसले ते तिच्या नावाने. कुणीतरी थट्टा केली. सरांचा फोन आला. ते रागावले नाहीत, दुखावले गेले होते. माझं नाव पुसलंस गं, एवढंच म्हणाले. ती इतकी शरमली की उभ्या उभ्या नाव पूर्ववत केलं आणि तीनदा माफी मागितली.

सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. "हात तुझे, घसा तुझा," त्या म्हणाल्या, "आणि नाव त्या माणसाचं. आम्ही शिवलेल्या कपड्यावर दुकानदाराची पट्टी लागायची, पण तो निदान कापड तरी आणून द्यायचा."

तिने ते मनावर घेतलं नाही. सासूबाईंना सगळ्यांतच खोट दिसते, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशीचा नकाशा काढायला बसली.

वर्ष संपलं. तासिकावाल्यांचा हिशेब वर्षाच्या शेवटी एकदमच होत असे, म्हणून तोवर कुणी काही पाहिलं नव्हतं. सायकलींच्या शेडमध्ये कारकुनाने तिच्यासमोर कागद ठेवला. तिच्या नावापुढे शून्य. त्याच्या वरच्याच ओळीत सर, तीनशे बारा तास. कारकून कौतुकाने म्हणाला, सरांनी कमाल केली हो या वयात, अख्ख्या विद्यापीठात एवढे तास कुणाचे नाहीत.

तिला आधी हसूच आलं. मग तिने नीट, पहिल्यापासून समजावून सांगितलं. कारकुनाने ऐकून घेतलं, तिच्यावर विश्वासही ठेवला. पण यादी खाती विकणाऱ्या कंपनीकडून येते, कोणत्या लॉगिनवरून किती तास चालले एवढंच तिच्यात असतं, त्यात कुणाचा घसा होता ते येत नाही, असं म्हणाला. रेकॉर्डिंग असतं तर गोष्ट वेगळी होती. पण जागा भरते म्हणून रेकॉर्डिंग करू नये, असं परिपत्रक त्याच ऑफिसने काढलं होतं आणि तिने ते इमानेइतबारे पाळलं होतं. आता विभागप्रमुखांनी समितीपुढे सांगितलं तरच काही होईल. नाहीतर शून्य म्हणजे खंड.

ती तशीच सरांकडे गेली. सरांनी कागद चष्मा वर करून पाहिला आणि खरंच हळहळले. असं कसं झालं, म्हणाले. मी बोलतो ना, समितीवर मीच आहे, तू कशाला घाबरतेस. तिने विचारलं, मुलांच्या सह्यांचं एक पत्र घेऊ का, पंचावन्न मुलं लिहून देतील. तिथे मात्र त्यांचा चेहरा बदलला. "सह्या घेत फिरलीस तर लोक काय म्हणतील माझ्याबद्दल? माझा अर्ज पडलाय वर, तुला माहीत आहे. माझ्या शब्दावर भरवसा नाही का तुझा?" असं त्यांनी विचारलं. वीस वर्षांची ओळख मध्ये उभी होती. भरवसा आहे, असं ती म्हणाली, आणि तो होताही.

त्यानंतरचे आठ दिवस तिने काढले कसे ते तिचं तिला ठाऊक. नवरा म्हणाला, लेखी मागून घे. नवव्या दिवशी सरांचा फोन आला. गुरुवारी चारला समितीची बैठक आहे, ऑनलाइनच आहे, तू येऊन लावून दे. तुझाच विषय आहे त्यात, तू असलेली बरी.

ती साडेतीनलाच पोचली. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने प्रबंध पुन्हा रचले, खिडकीचा पडदा ओढून उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पाडला, कपाळाबरोबर हनुवटीही दिसेल असा कॅमेरा वाकवला. मग खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसली, चौकटीच्या बाहेर, हात माउसवर. वर्षभर बसायची तशीच.

पडद्यावर सहा जण आले. अध्यक्षांनी सुरुवातच सरांच्या अभिनंदनाने केली. तीनशे बारा तास, तेही छत पडलेल्या वर्षी. तरुण मंडळींनी धडा घ्यावा. मुदतवाढीची शिफारस झाली असून पत्र सोमवारी निघेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सहा चौकटींत हात हलले. सरांनी हात जोडले. तिलाही बरं वाटलं. पत्राची काळजी मिटली, आता सर मोकळेपणाने बोलतील, असा हिशेब तिने मनातल्या मनात मांडला.

तासिका शिक्षकांचा विषय आला. कुलसचिव एकेक विभाग वाचत गेले. मंजूर, मंजूर, मंजूर. मग म्हणाले, भूगोल, एक शिक्षिका, दहावं वर्ष, तास शून्य. सर, हे काय आहे.

तिने बाण नेऊन सरांचा आवाज सुरू केला.

सरांनी घसा साफ केला. समोरच्या ग्लासकडे पाहिलं. एकदा तिच्या बाजूला नजर गेली, पण तिच्यापर्यंत न पोचताच परत फिरली. मग ते म्हणाले, "त्या बाई मला तांत्रिक मदत करत होत्या. फार मनापासून केली. मी आभारीच आहे."

त्या बाई. वीस वर्षं अगं म्हणणाऱ्या माणसाने सहा चौकटींसमोर तिला त्या बाई म्हटलं, तेव्हाच तिला पुढचं सगळं कळलं.

"म्हणजे वर्ग घेतले नाहीत त्यांनी?" अध्यक्षांनी विचारलं.

"वर्ग... लॉगिन माझंच होतं ना सगळीकडे," सर म्हणाले. खोटं नव्हतं. शब्दांत पकडता येईल असं त्यात काहीच खोटं नव्हतं.

कुलसचिवांनी लिहून घेतलं की खंड धरावा.

"ते तास मी घेतलेत," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तीनशे बाराच्या तीनशे बारा नाहीत, पण दोनशे साठ तरी माझे आहेत. मुलांना विचारा. त्यांना माझे हात माहीत आहेत."

ती बोलत होती आणि पडद्यावर सरांच्या चौकटीची कड पिवळी उजळत होती, कारण जो बोलतो त्याच्या नावाभोवती ती कड उजळते. नाव सरांचं होतं. सहा जण सरांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत होते आणि बाईचा आवाज ऐकत होते. एकाने हेडफोन काढून पुन्हा घातला.

"सर, तुमच्याकडे कुणीतरी बोलतंय," अध्यक्ष म्हणाले. ते चिडले नव्हते, त्यांना फक्त व्यत्यय आला होता. "बैठक गोपनीय आहे. घरच्यांना जरा बाहेर बसायला सांगा, नाहीतर आवाज बंद करा तुमचा."

सर तिच्याकडे वळले. आता त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. तिला वाटलं त्यांच्या डोळ्यांत काहीतरी सापडेल, शरम, भीती, निदान राग. काही नव्हतं. वर्षभर रोज सकाळी असायची तीच अडचण होती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आवाज बंद कुठून करायचा?"

तिचा हात अजून माउसवरच होता. बाण आपोआप खाली डाव्या कोपऱ्यात गेला, आणि तिने ठरवायच्या आत बोटाने दाबलं. सरांच्या नावाभोवतीची कड विझली. पडद्यावर कुलसचिवांनी पान उलटलं आणि पुढचा विभाग वाचायला घेतला.

"झाला का?" सरांनी विचारलं.

"झाला, सर," ती म्हणाली.